कौलारू घरात चुलीला धुराडं बसवताना

धुराड्याचं निम्मं काम छपरात असतं, म्हणून नळी विकत आणण्याआधी मी वर चढून वासे मोजले. दोन वाशांत दोन फूट अंतर निघालं. त्यांच्या बरोबर मध्यातून ओळंबा खाली सोडला आणि तो टेकला तिथे वैलाची, म्हणजे चुलीला जोडलेल्या दुसऱ्या भांड्याच्या तोंडाची, मागची बाजू येईल अशी चूल नव्याने घातली. चूल जागेवर ठेवून वासा चुकवायला नळी वाकवली की प्रत्येक वाकणात काजळी साचते. चूल मातीची, ती हलवता येते.

नळी सहा इंची, ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची घेतली. चार इंची स्वस्त पडते, पण नारळाची सोडणं नि झावळ्या जाळणाऱ्या घरात ती लवकर तुंबते. जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा खाऱ्या वाऱ्याने बाहेरून आणि काजळीने आतून गंजतो. घर अगदी किनाऱ्याला असेल तर ३१६ प्रतीचं स्टील घ्यावं. जुनी सिमेंटची नळी पडून असली तरी तिला करवत लावू नका, तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

जोडताना वरच्या नळीचं टोक खालच्या नळीच्या आत जायला हवं. धूर गळेल या भीतीने अनेक जण उलट बसवतात. मग ओल्या लाकडाचं काळं डांबर जोडातून बाहेर ओघळतं. प्रत्येक जोडाला तीन स्क्रू मारले आणि तळाशी टी (इंग्रजी T आकाराची जोडनळी) बसवून तिला काढता येणारं झाकण लावलं.

नुसती नळी लाकडापासून दीड फूट लांब हवी. दोन वाशांमध्ये ते जमत नाही, म्हणून तिथे दहा इंची बाहेरची नळी घालून मधल्या दोन इंचांत रॉकवूल (न जळणारी, उष्णता अडवणारी दगडी लोकर) भरलं. ही बाहेरची नळी वाशांच्या दीड फूट खालूनच सुरू झाली पाहिजे, आणि तिच्यापासूनही लाकूड निदान दोन इंच दूर. मध्ये आलेली रीप (कौलं टेकतात ती आडवी पट्टी) वाशांवरच कापली. कौलांच्या जागी पत्रा घातला, त्याची वरची कड वरच्या कौलांखाली आणि खालची कड खालच्या कौलांवर. हे उलटं झालं तर पहिल्याच सरीला पाणी चुलीत.

नळीचं वरचं तोंड आढ्यापेक्षा दोन फूट वर, टोपीखाली सहा इंच मोकळं, आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यासाठी तीन बाजूंना ताणतारा.

वैलावर भांडं नसेल तर धुराडं तिथूनच हवा ओढतं आणि धूर पुढच्या तोंडातून येतो. पावसातही एक खिडकी उघडी ठेवा. निखाऱ्यांच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

काजळीचा थर ३ मिलिमीटर झाला की ब्रशने झाडायचा. नळीत घोंघावणारा आवाज येऊ लागला तर काजळी पेटली असं समजा: चुलीचं तोंड ओल्या मातीने बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला कळवा. तापल्या नळीत पाणी ओतू नका, वाफेच्या दाबाने जोड फुटतात.