कुंभार्ली घाटात लुकलुकलेला दिवा

चेक इंजिनचा दिवा गेल्या महिन्याभरात एकदा जरी लागून गेला असेल आणि तुम्ही चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढणार असाल, तर आधी हे वाचा. मी काल रात्री दीडला पुण्यात पोहोचलो. अंग अजून दुखतंय आणि राग गेलेला नाही.

दिवा निघायच्या आठवडाभर आधीच लागला होता. पुण्यातल्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, "सेन्सरचं आहे, डिलीट केलं" म्हणाला, पाचशे रुपये घेतले. गाडीने नोंदवलेला दोषाचा कोड कोणता होता ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दिवा विझला म्हणून निघालो. उंब्रज, पाटण, कोयनानगर, घाटाचा उतार, गुहागरचे दोन दिवस, सगळं छान.

परतीला पोफळी सोडली, चढ लागला आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडी गचके द्यायला लागली. मागे एसटी हॉर्न देत होती. दिवा या वेळी लुकलुकत होता. हा फरक पाठ करा. दिवा स्थिर असेल, गाडी नीट ओढत असेल आणि तापमानाचा किंवा ऑइलचा दिवा नसेल, तर जपून गॅरेजपर्यंत जाता येतं. लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसफायर चालू आहे, एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. न जळलेलं इंधन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो कामातून जातो. लगेच अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचला, सीएनजीवर असाल तर पेट्रोलवर या. गॅस पेटवायला कॉइलला, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाला, जास्त जोर लावावा लागतो, त्यामुळे कमजोर कॉइल आधी गॅसवर उघडी पडते. पेट्रोलवर गचके कमी झाले, तशी गाडी वळवून खाली उतरवली.

चिपळूणजवळच्या गॅरेजात स्कॅनिंगचे सातशे घेतले आणि निकाल दिला, "दादा, ईसीएम गेलाय. बावीस हजार धरा." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. बॉनेट उघडलंसुद्धा नव्हतं! स्क्रीनवर पी०३०२ दिसत होतं. त्याचा अर्थ एवढाच, की दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे. कोड जागा दाखवतो, कारण नाही. कॉइल, प्लग, इंजेक्टर न तपासता ईसीएमचं नाव घेणाऱ्याकडे गाडी सोडू नका.

मी निघालो आणि एका स्पेअर पार्टच्या दुकानासमोर सावलीत गाडी लावली. चाळीस मिनिटं इंजिन थंड होऊ दिलं. स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला माझा कोड वाचणारा स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल लावून फ्रीज फ्रेमचा, म्हणजे दोष आला त्या क्षणीच्या इंजिनच्या नोंदीचा, फोटो घेतला, मगच कोड पुसला. पुसला की ती नोंदही जाते, आणि पुण्यात तीच घालवली होती. मग दहाच्या पान्याने दोन आणि तीन नंबरच्या कॉइल काढून अदलाबदल केली. दोन नंबरची कॉइल वर येताच कारण दिसलं. कॉइलच्या प्लगवर बसणाऱ्या रबरी बूटवर पांढरट चरा, आणि प्लग बसतो त्या खोल विहिरीत तांबूस, गंजाचं पाणी. निघण्याआधी सर्व्हिस सेंटरवर इंजिन प्रेशरने धुऊन घेतलं होतं, ते पाणी तिथेच बसलेलं.

विहीर कापडाने टिपून गाडी सुरू केली, जरा फिरवली. नवा कोड आला पी०३०३. कॉइलसोबत दोष सरकला, म्हणजे दोषी कॉइलच. कोड दोन नंबरवरच राहिला असता तर प्लग आणि इंजेक्टरकडे वळलो असतो. नवी कॉइल १,८५० रुपयांना मिळाली, दोन नंबरचा गंजलेला प्लगही बदलला. प्लग आधी हातानेच फिरवून बसवा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आटे गेले तर तो खर्च वेगळा. आणि इंजिन चालू असताना कॉइल उपटून बघायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, जबर झटका बसतो.

रात्री नऊला पुन्हा चढलो, मुद्दाम सीएनजीवर, दुसऱ्या गिअरमध्ये. एकही गचका नाही. हेळवाकला गाडी थांबवून डोंगल पुन्हा लावला, पेंडिंग कोडची, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या दोषांची, यादी रिकामी होती. डोंगल, दहाचा पाना, प्लगचा पाना आणि एक जुनी चालू कॉइल आता डिकीतच राहणार. डिझेलवाल्यांनी मात्र यातलं कॉइलचं काही धरू नये, तुमच्याकडे ती नसतेच.