क्रॉसिंग सोपं, वर्णन अवघड: गच्चीवर पेटुनियाची नवी जात काढताना आलेला माझा अनुभव

पेटुनियाची स्वतःची जात काढतोय म्हटलं की लोक पहिलं विचारतात लॅब कुठेय, आणि मी सांगतो लॅब वगैरे काही नाही, धायरीत गच्ची आहे आणि भुवया कोरायचा एक चिमटा आहे. क्रॉस करणं, म्हणजे एका झाडाचा पराग दुसऱ्याच्या फुलाला लावणं, खरंच डाव्या हाताचा खेळ. डोकं खातं ते त्याच्या पुढचं, म्हणजे आपलं झाड बाजारातल्या बाकीच्या पेटुनियांपेक्षा नक्की कशात वेगळं आहे हे कागदावर मांडणं, आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही म्हणून हे लिहितोय. मी नारायण पेठेत एका प्रेसमध्ये प्रीप्रेसचं, म्हणजे छपाईआधीच्या तयारीचं काम करतो, शेतीचं शिक्षण शून्य. आमच्या सोसायटीत कृषी महाविद्यालयातून रिटायर झालेले एक सर राहतात, त्यांना मी जेवढं पिडलंय तेवढं त्यांच्या विद्यार्थ्यांनीही पिडलं नसेल.

आधी हवं काय होतं ते सांगतो. पुण्यात पेटुनिया म्हणजे हिवाळ्याचं फूल, सप्टेंबरात पेरा, मार्चपर्यंत मजा करा, एप्रिलात पारा चाळिशीकडे सरकला की खेळ खलास. त्यात पेटुनियाला मोठा दिवस आवडतो, दिवस लहान असला की कळ्या उशिरा धरतात, पसरणाऱ्या प्रकारांत तर जास्तच, आणि आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा, त्यामुळे महागडं पाकीट आणून लावलं तरी ऐन थंडीत नुसता पाला बघत बसावं लागतं आणि फुलं पडायला लागतात तोवर ऊन येतं. मला पाहिजे होतं लहान दिवसात लवकर फुलणारं झाड, फुलं मध्यम (मोठ्या फुलांची एका अवकाळी सरीत चिंधी होते), रंग फिका जांभळा आणि त्यावर गडद शिरांची जाळी.

खरं म्हणजे सुरुवातीला मला नारिंगी हवी होती, कारण गुलाबी-जांभळी तर सगळ्यांकडेच असते. सर हसले. म्हणाले, अरे पेटुनियात तो रंगच बनत नाही, त्या रंगद्रव्याला लागणारा कच्चा माल तिचं एन्झाइम उचलतच नाही. जर्मनीत १९८७ मध्ये मक्याचा एक जीन टाकून तो रंग आणला होता, आणि पुढे २०१५ मध्ये हेलसिंकीच्या रेल्वे स्टेशनबाहेर एका फिनिश शास्त्रज्ञाला कुंड्यांत नारिंगी पेटुनिया दिसल्या, त्याला शंका आली, त्याने तपासलं तर आत तोच मक्याचा जीन! २०१७ मध्ये मग युरोप-अमेरिकेत अशा कितीतरी जाती बाजारातून काढून नष्ट कराव्या लागल्या. आपल्याकडे अशा जीएम, म्हणजे बाहेरचा जीन घातलेल्या झाडाला सरकारी परवानगी लागते, तेव्हा कुठून नारिंगी बी मिळालंच तर त्याच्याशी क्रॉस करायच्या भानगडीत पडू नका.

मादी म्हणून मी घेतलं आमच्याच कुंड्यांत दरवर्षी आपोआप उगवणारं गावठी झाड, फिकं जांभळं, काटक, सगळ्यात आधी फुलणारं. नर घेतला सोलापूर रोडच्या नर्सरीतून आणलेला गडद शिरांचा हायब्रीड. दुसऱ्याची जात क्रॉसिंगला वापरली तर चालतं का, असं बरेच जण विचारतात. आपल्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात संशोधनासाठी आणि नवीन जात काढण्यासाठी मूळ सामग्री म्हणून वापरायची मुभा आहे, फक्त दरवर्षी तीच संरक्षित जात पालक म्हणून लावून धंद्याचं बी काढायचं असेल तर तिच्या मालकाची परवानगी लागते.

कृती अशी. कळी लांब झाली, रंग दिसायला लागला पण उघडली नाही, ती धरायची. नळी नखाने हळूच चिरायची, आत पाच पुंकेसर असतात, चार जोडीजोडीने आणि एक आखूड, ते पाचही परागकोश फुटायच्या आत चिमट्याने काढायचे. मधली हिरवी चिकट कुक्षी, म्हणजे पराग धरणारं टोक, राहू द्यायची. वर ऑर्गंझाची पोटली बांधायची, तुळशीबागेत लग्नाच्या गिफ्टसाठी मिळते ती, कारण दिवसा मधमाश्या आणि तिन्हीसांजेला ते भिरभिरणारे मोठे पतंग असतातच. दुसऱ्या दिवशी नराचा पराग कुक्षीवर टेकवायचा, भरतकामाचा रंगीत दोरा बांधून वहीत लिहायचं. पराग लागला की फूल बाकीच्यांपेक्षा लवकर मान टाकतं, नवीन माणसाला वाटतं वाया गेलं, पण ती चांगली खूण आहे. साधारण महिन्याभरात बोंड तपकिरी होतं आणि फुटायच्या आत ते काढलं नाही तर बी गच्चीभर. बी म्हणजे धूळच, एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास भरतं. चाळलेल्या वाळूत मिसळून पेरायचं, वरून माती टाकायची नाही कारण उगवायला उजेड लागतो, पाणी ट्रेच्या खालून द्यायचं आणि पेरताना पंखा बंद!

आमच्याकडे टँकरचं जड पाणी, त्यात पेटुनिया पिवळी पडते, शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं. माती अल्कली झाली की तिला लोह उचलता येत नाही, म्हणून कोकोपीट जास्त घालून पाण्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड आणि अधूनमधून चिलेटेड आयर्न, म्हणजे झाडाला उचलता येईल अशा रूपातलं लोह. आणि एक फार महत्त्वाचं, तंबाखू. सोसायटीचे माळीकाका प्रेमाने मदतीला यायचे, मळता मळताच यायचे, आणि पेटुनिया तंबाखूच्याच कुळातली, तंबाखूचा मोझॅक व्हायरस वाळलेल्या पानातही टिकून राहतो आणि हातावरून झाडाला लागतो. त्यांना कसं सांगायचं कळेना. शेवटी जिन्याच्या तोंडाशी साबण ठेवला आणि म्हणलं काका, आधी हात धुवा मग आशीर्वाद द्या. अजून चेष्टा करतात.

पहिल्या पिढीत सगळी झाडं बरीचशी सारखी, दुसऱ्या पिढीत जत्रा. पांढरी, गुलाबी, शिरावाली, बिनशिरांची, एक तर चांदणीसारखे पांढरे पट्टे असलेली आली, घरातले सगळे तिच्या प्रेमात. बायको म्हणाली हीच ठेव, बाकी टाकून दे. सरांनी एकच वाक्य सांगितलं, हिचा फोटो काढ आणि थंडी कमी झाली की परत काढ. फेब्रुवारीअखेर त्याच झाडाच्या एका फुलावर पट्टा रुंद, दुसऱ्यावर नुसती रेघ, तिसरं जवळजवळ अख्खं जांभळं. असे पांढरे पट्टे म्हणजे त्या भागात रंगाचा जीन गप्प झालेला असतो आणि किती भागात गप्प होणार ते तापमानावर, उजेडावर हलतं. दिसायला झकास, पण वर्णन काय लिहिणार, पट्टा आहे का नाही? तिला कुंडीत मानाने ठेवली, वहीतून काढली. निवडलं ते शिरांचं साधं दिसणारं झाड, जे कुठल्याही महिन्यात तसंच दिसत होतं. मग पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागण, म्हणजे झाडाचा पराग त्याच झाडाला, वेगळी निघालेली झाडं उपटायची, उरलेल्यांचं बी सिलिका जेलबरोबर डबीत घालून फ्रीजमध्ये. कटिंगने वाढवली असती तर एकसारखेपणा फुकटात मिळाला असता, पण आपला उन्हाळा आणि वर पावसाळा काढून मदर प्लँट, म्हणजे ज्याची कटिंगं घ्यायची ते झाड, जगवायचं, तेही व्हायरस न लागू देता, हे गच्चीवर माझ्याच्याने झालं नसतं.

आता वर्णन. ह्या कामाचे तीन शब्द म्हणजे वेगळेपणा, एकसारखेपणा, स्थिरता, इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे डीयूएस म्हणतात. जीनिव्हाच्या यूपोव्ह ह्या वाण संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची पेटुनियासाठी वेगळी गाइडलाइन आहे, भारत तिचा सभासद नाही पण लक्षणं कशी मांडायची हे शिकायला ती फार उपयोगी पडते. झाड उभं का पसरट, पान किती लांब किती रुंद, फूल एकेरी का डबल, व्यास, कडा किती लहरी, शिरा किती ठळक, नळीच्या आतला रंग कोणता. उत्तर शब्दांत द्यायचं आणि त्याला आकडा, म्हणजे कमी असेल तर ३, मध्यम ५, जास्त ७. पण मध्यम म्हणजे कशाच्या मानाने? म्हणून सगळ्यात जवळची जात शेजारी, त्याच मातीत, त्याच दिवशी पेरून लावावी लागते. मी नराची जात आणि मादीचं गावठी, दोन्ही शेजारी लावली, आणि तेव्हा कळलं की ज्या जाळीचा मला एवढा अभिमान होता ती नरातही जवळपास तेवढीच ठळक आहे. खरा फरक निघाला नळीच्या आतल्या रंगात, फुलाच्या व्यासात आणि फुलायच्या वेळेत, म्हणजे ज्याच्याकडे इतके दिवस धड बघितलंही नव्हतं तिथे.

रंगाच्या बाबतीत मी जरा ताठ होतो, कारण रंग जुळवणं हा माझा धंदा. फुलांसाठी लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा कलर चार्ट वापरतात, नऊशेच्या वर रंग, प्रत्येक पट्टीला मधे भोक, त्याखाली पाकळी धरून बघायची, नंबर आणि पुढे ए ते डी, ए सगळ्यात गडद. चार्ट महाग आहे, विकत घेऊ नका, कोणाकडे तरी असतो, मला सरांच्या ओळखीने दोन दिवस मिळाला. फोटोवर तर अजिबात विसंबू नका, जांभळी-निळी फुलं कॅमेऱ्यात हमखास गुलाबीकडे झुकतात, कारण डोळ्याला न दिसणारा टोकाचा लाल उजेड ती परत फेकतात आणि सेन्सर तो पकडतो. प्रेसमध्ये आम्ही ५००० केल्व्हिनच्या दिव्याखाली प्रूफ बघतो, तिथे फूल नेलं तर एक नंबर, घरी ट्यूबखाली दुसराच. चार्टवाल्यांचं म्हणणं उत्तरेचा उजेड, थेट ऊन नको. आमच्या जिन्याची खिडकी नेमकी उत्तरेला, तिथे बसून नुकतंच पूर्ण उघडलेलं फूल धरायचं, कारण दोन दिवसांत तेच फूल अर्धी छटा उतरतं. जाणारे-येणारे विचारायचे काय चाललंय, आईने सगळ्यांना परस्पर सांगून टाकलं की साड्यांचं मॅचिंग करतोय.

नाव ठेवतानाही नियम आहेत. आंतरराष्ट्रीय नियमावलीत नावात जात, हायब्रीड, सुधारित असले शब्द चालत नाहीत, लॅटिन वळणाचं नाव १९५९ पासून बंद, आणि आपल्या कायद्यात नुसते आकडे चालत नाहीत. म्हणजे वहीतला नंबर हेच नाव ठेवू म्हणणारा माझा आळशीपणा बाद. मुलीने ‘जाळीदार’ सुचवलंय, सध्या तेच चालू आहे.

रजिस्ट्रेशनचा विचार असेल तर आधी आपलं पीक दिल्लीच्या वाण संरक्षण प्राधिकरणाच्या नोटिफाय झालेल्या यादीत आहे का ते बघा, बाकी सगळं नंतर. अर्जात पालक कोण ते लिहावं लागतं, टर्मिनेटरसारखं (पुढच्या पिढीचं बी उगवूच न देणारं) तंत्र वापरलेलं नाही असं ॲफिडेव्हिट लागतं, आणि अर्जाच्या तारखेआधी वर्षभरापेक्षा जास्त काळ भारतात विक्री झालेली असेल तर नावीन्य संपलं. नुसत्या चाचणीसाठी लावलेल्याने बिघडत नाही. त्यामुळे सोलापूर रोडचे नर्सरीवाले दर हिवाळ्याला म्हणतात एक ट्रे द्या, दोन पैसे तुम्हालाही मिळतील, आणि मी सांगतो विकायला नाही देणार, पण तुमच्या शेडमध्ये चाचणीला एक वाफा लावा, पाणी तुमचं, नोंदी माझ्या. ह्या सप्टेंबरला ते तयार झालेत, फक्त त्यांच्याकडे उत्तरेची खिडकी नाहीये.