वजन बेरीज बघतं, दात वेळा मोजतात

लठ्ठ मुलांचे दात जास्त किडतात का? ‘हो’ म्हणून मोकळे होणारे लेख पुष्कळ सापडतील. अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. काहींत जास्त वजनाच्या मुलांमध्ये कीड जास्त दिसली, काहींत फरकच आढळला नाही, तर काहींत उलट कमी वजनाच्या मुलांचे दात जास्त किडलेले निघाले. यात गूढ काही नाही. दाढ ठणकत असली की मूल जेवत नाही, झोपत नाही आणि त्याचं वजन वाढत नाही. शिवाय अंगावरची चरबी दात किडवत नाही. दात किडवते साखर, आणि वजन वाढवण्यातही तिचा मोठा हात असतो. मूळ एकच असलं तरी दोघांचा हिशेब वेगळा चालतो, आणि घरोघरी गफलत होते ती इथे.

आधी दाताचा हिशेब बघू. दातांवरच्या चिकट थरात स्ट्रेप्टोकोकस म्युटन्ससारखे जंतू असतात. साखर मिळाली की ते आम्ल तयार करतात. पाच-दहा मिनिटांत त्या थराचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली जातो आणि इनॅमलमधले, म्हणजे दाताच्या कडक बाहेरच्या आवरणातले, क्षार विरघळू लागतात. मग लाळ आम्ल निवळवत आणते. त्याला साधारण अर्धा ते एक तास लागतो. त्यानंतर गेलेले क्षार थोडे थोडे परत दातात बसतात, पण मधल्या काळात पुन्हा काही गोड तोंडात पडलं नाही तरच.

आता ३३० मिलिलिटरचा कोलाचा कॅन घ्या. त्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर, म्हणजे १४० कॅलरी. मुलाने तो जेवताना दहा मिनिटांत संपवला काय किंवा अभ्यास करता करता दोन तास घोट घोट घेतला काय, वजनाच्या खात्यावर १४०च मांडल्या जातात. दाताच्या खात्यावर पहिल्या वेळी तासाभराचं नुकसान होतं. दुसऱ्या वेळी दोन तास आणि वर लाळेला सावरायला लागणारा वेळ. म्हणूनच ‘दिवसभरात एकच तर देतो’ हे वाक्य दाताच्या बाबतीत काहीच सांगत नाही. तो एक किती वेळ चालतो ते सांगा.

ही गोष्ट स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथे १९४५ ते १९५३ दरम्यान झालेल्या प्रयोगात ठळकपणे दिसली. जेवणासोबत घेतलेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही. दोन जेवणांच्या मध्ये खाल्लेल्या चिकट टॉफीने ती झपाट्याने वाढली. (प्रयोग मतिमंदांच्या संस्थेतल्या रहिवाशांवर केला होता. आज त्याला कुणी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये.)

उलट बाजूही आहे. दाताला चालणारी प्रत्येक गोष्ट वजनाला चालत नाही. चीज दाताला निरुपद्रवी, किंबहुना उपकारकच, पण कॅलरीने भरलेलं. बिनसाखरेच्या कोलात कॅलरी नाहीत, पण त्याचा पीएच ३ च्या आसपास असतो. जंतूंची मदत न घेताही तो इनॅमल झिजवतो. बटाट्याचे वेफर्स खारट म्हणून निर्धास्तपणे दिले जातात, पण त्यांचा पिठूळ लगदा दाढांच्या खाचांत बराच वेळ अडकून राहतो आणि लाळ त्यातल्या स्टार्चची साखर करत राहते. तेलामुळे वजन वाढतं ते वेगळंच.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा अशी: वरून घातलेली साखर, मध, सरबतं आणि फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, जमल्यास ५ टक्क्यांहून कमी. अख्खं फळ आणि साधं दूध यात धरत नाहीत. रोज १५०० कॅलरी लागणाऱ्या मुलाला याचा अर्थ ३७ ग्रॅम, आणि जमल्यास १९. फळांच्या रसाच्या २०० मिलिलिटरच्या खोक्यात साधारण २० ग्रॅम साखर असते. खोक्यावर ‘साखर घातलेली नाही’ असं छापलेलं असलं तरी आकडा तेवढाच राहतो.

त्यामुळे दोन्ही खाती सांभाळणारा बदल म्हणजे खाण्याच्या वेळा ठरवणं. तीन जेवणं, मध्ये एक किंवा दोनदा खाणं, आणि दोन खाण्यांत किमान दोन तासांचं अंतर. त्या अंतरात फक्त पाणी. गोड द्यायचंच असेल तर जेवणाला जोडून द्या. तेव्हा लाळ भरपूर सुटलेली असते आणि पोट भरल्यामुळे मूल खातंही कमी. रात्री दात घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही, कारण झोपेत लाळ जवळजवळ आटते.

दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवण्याची सवय दोन्हीकडून महाग पडते. बाटली सोडवताना आठवडाभर दररोज दुधात पाण्याचं प्रमाण वाढवत न्या आणि शेवटी नुसतं पाणी ठेवा. पण हे फक्त झोपेच्या बाटलीपुरतं. दिवसाचं दूध पातळ करू नका. बाटलीमुळे होणारी कीड आधी वरच्या पुढच्या दातांवर दिसते. खालचे पुढचे दात जिभेआड आणि लाळेत असल्यामुळे बहुधा वाचतात. महिन्यातून एकदा मुलाचा वरचा ओठ उचला, दात कापडाने कोरडे करा आणि हिरडीलगत टॉर्च मारा. खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती बहुधा कीडच, पण अजून थोपवता येणारी. तपकिरी खड्डा दिसला तर ती वेळ टळून गेली.

जास्त वजनाच्या मुलांत कायमचे दात काहीसे लवकर येतात, असं बऱ्याच अभ्यासांत आढळलं आहे. त्यात घोळ होतो तो सहाव्या वर्षाच्या दाढेचा. ती शेवटच्या दुधाच्या दाढेमागे येते, तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे पालक तिलाही दुधाचीच समजतात. वर येत असताना ती शेजारच्या दाढेपेक्षा बुटकी असते. नेहमीसारखा पुढे-मागे फिरवलेला ब्रश तिच्यावरून नुसता निघून जातो. तोंड अर्धवट मिटायला सांगून ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घाला आणि ती दाढ वेगळी घासा. दाढ पुरेशी वर आली की दंतवैद्याकडून तिच्या खाचांवर सीलंट (खाचा बुजवणारा संरक्षक थर) लावून घ्या. वजन जास्त असेल तर पाचव्या वाढदिवसापासूनच तिच्यावर नजर ठेवा.

टूथपेस्ट किमान १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची हवी. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. दिवसातून दोनदा. थुंकायचं, पण चूळ भरायची नाही, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं. सात-आठ वर्षांपर्यंत घासण्याचं काम मोठ्यांनीच करावं.

हिरड्यांचा मुद्दा थोडक्यात. चरबीच्या पेशी दाह वाढवणारी द्रव्यं सोडतात आणि लठ्ठपणाबरोबर हिरड्यांची सूजही जास्त आढळते. त्यात मूल घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर पुढच्या हिरड्या रात्रभर कोरड्या पडतात आणि लाल होतात. अशा वेळी टूथपेस्ट बदलून उपयोग नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं लागतं.

घोरण्याची गोष्ट दंतवैद्यालाही सांगायची आहे. बऱ्याच दाढा किडल्या असतील तर कधीकधी मुलाला गुंगीचं औषध देऊन उपचार करतात. लठ्ठ मुलात गुंगीत श्वासमार्ग अरुंद होण्याचा धोका जास्त असतो, आणि औषधाची मात्रा काट्यावरच्या वजनावर बेतली तर ती काही औषधांच्या बाबतीत जास्त होऊ शकते. म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच उंची, ताजं वजन, झोपेत श्वास अडकतो का आणि सुरू असलेली औषधं, हे सगळं कळवून ठेवा. ऐन वेळी खुर्चीत बसल्यावर सांगितलंत, तर त्या दिवशीचा उपचार पुढे ढकलला जाण्याचीच शक्यता जास्त.