साखळीचा ग्लास

आमच्या चर्चच्या फाटकाबाहेर दर उन्हाळ्यात पाणपोई लागते. दोन रांजण, त्यांना गुंडाळलेलं ओलं तरट, वर कडुलिंबाची सावली आणि स्टीलचा एक ग्लास. ग्लासाला साखळी. ती माझी कल्पना. मागच्या साली चार ग्लास गेले, म्हणून मीच सदर बाजारातून हातभर साखळी आणून खिळ्याला अडकवली. उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी चारचौघांत माझं कौतुकही केलं.

यंदा रांजण भरायची पाळी माझ्याकडे, मंगळवारी आणि शुक्रवारी. मे महिन्यात नागपुरात टाकीचं पाणी सकाळी नऊलाच असं येतं, की सरळ चहापत्ती टाकावी. म्हणून पहाटे भरायचं, तरट भिजवायचं, झाकणी नीट बसवायची. मग मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपत, उडत राहतं आणि आतलं गार होत जातं. आपल्या कोरड्या उन्हाची एवढीच काय ती मेहरबानी. मुंबईच्या दमट हवेत माठ बिचारा नुसता घाम गाळतो.

हे काम अंगावर आल्यापासून बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायाच्या शेवटच्या वचनातला ‘थंड’ हा शब्द मला दिसायला लागला. या लहानांपैकी एकाला जो थंड पाण्याचा प्याला पाजील, तो प्रतिफळाला मुकणार नाही. नुसतं ‘पाणी’ म्हणूनही भागलं असतं. पण येशूच्या त्या गालील प्रांतात कुठला आलाय फ्रीज? तिथे थंड पाणी म्हणजे कुणीतरी उठून विहिरीवर गेलं, आत्ता शेंदून आणलं. त्या एका विशेषणात प्रभूने कुणाचे तरी दुखरे खांदे मोजले आहेत, असं मी शुक्रवारच्या पाळीनंतर छातीठोकपणे सांगू शकते.

तर माझ्या खात्यावर बरंच प्रतिफळ जमा झालंय, अशा समजुतीत मी होते. ऑटोवाले त्या पाण्याने तोंड धुतात. एक गृहस्थ रोज पाच लिटरचा कॅन भरून नेतात. त्यांना मी दोनदा टोकलं, ‘पिण्यासाठी आहे, भाऊ.’ सेवा करणाऱ्याला एवढा हक्क असतोच की.

मग नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला, आणि कामठी रोडवरून आत एका वस्तीत माझी गाडी पंक्चर झाली. मंडळीतल्या एका आजारी बाईंना भेटायला निघाले होते. दुपारचे साडेबारा. बाटली रिकामी, मोबाइल तापून बंद पडलेला. गल्लीत कुत्रंसुद्धा नाही, नुसते कूलरचे आवाज. कुठलंही दार वाजवायचं आणि पाणी मागायचं, एवढंच होतं. ते जमेना. आठवड्यातून दोनदा अख्ख्या रस्त्याला पाणी पाजणारी मी, पण स्वतःसाठी ग्लासभर मागायला जीभ उचलेना.

येशूला विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईची बायबलातली गोष्ट मी संडे स्कूलच्या पोरांना वीस वर्षं सांगतेय. तिचं आयुष्य, जिवंत पाणी, सगळं रंगवून. त्याआधीचं मात्र घाईत उरकते. भर दुपार, येशू चालून थकलेला, विहीर खोल आणि याच्याजवळ पोहरा नाही. ‘मला प्यायला दे’ हे पहिल्यांदा तो म्हणतो. आणि कुणाला, तर जिच्या जातीशी यहूदी लोकांचा व्यवहार नव्हता तिला! पाण्याला शिवाशीव कशी चिकटते हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. 1927 साली महाडच्या तळ्याचं ओंजळभर पाणी पिण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला.

मत्तयाचं ते वचनही मी उलटं धरलं होतं. ‘शिष्य म्हणून’ असे शब्द आहेत त्यात, आणि ते पाजणाऱ्यासाठी नाहीत, पिणाऱ्यासाठी आहेत. तहान शिष्याला लागलीय. त्याच अध्यायात बारा शिष्यांना गावोगाव धाडताना येशू बजावतो, कमरेला पैसे नकोत, झोळी नको, दुसरा अंगरखा नको. म्हणजे वाटेत कुणाच्या तरी दारात उभं राहणं आलंच. सगळं बरोबर घेऊन निघालेल्याला पाणी विचारणार तरी कोण?

हे सगळं मला तिथे उन्हात सुचलं असं मात्र नाही. तिथे फक्त घसा सुकला होता.

शेवटी एका निळ्या दाराची कडी वाजवली. एका आजीने दार उघडलं, मला आपादमस्तक पाहिलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, ‘बस वं माय. उन्हातून आली, लगेच घटाघटा नोको पिऊ.’ आधी गुळाचा खडा हातावर ठेवला. मग पितळी तांब्या आणला, फुलपात्र आणलं, आणि दोन्ही माझ्यापाशी ठेवून ती आत कूलरसमोर निघून गेली. तांब्या मी रिकामा केला. निघताना आतूनच आवाज आला, ‘कोपऱ्यावर पंचरवाला हाये. मी धाडलं म्हनून सांगजो.’

त्या शुक्रवारी रांजण भरून झाल्यावर आमच्या पाणपोईचं पाणी मी पहिल्यांदाच पिऊन पाहिलं. साखळी तोकडी. ग्लास तोंडापर्यंत पोचेना, म्हणून बैलासारखी मान खाली घातली, तर निम्मं पाणी पदरावर.