पाडण्याआधीचं टेलिव्हिजन सेंटर

“हे राहणार. ते जाणार.” गाइड बाई हाताने दाखवत होत्या आणि माझ्या पोटात कालवलं. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात बिल्डरचा इंजिनीअर असाच खडू घेऊन फिरला होता. फरक एवढाच, की त्याच्या यादीत ‘राहणार’ असं काही नव्हतं.

लंडनचं बीबीसी टेलिव्हिजन सेंटर बंद होण्याआधी एका शनिवारी बघून आले. २०१३ च्या मार्चअखेर ते बंद होणार होतं. मग बराचसा भाग पाडून तिथे फ्लॅट, ऑफिसं, हॉटेल उभं राहणार होतं. आजोबांचं बीबीसी म्हणजे बुश हाउस, बीबीसीच्या परदेशी रेडिओसेवेची इमारत. रेडिओला कान लावून ऐकायचे ते. ते बुश हाउस २०१२ च्या जुलैतच रिकामं झालं होतं, ते बघायचं राहूनच गेलं. म्हणून या वेळी वुड लेनला, टेलिव्हिजन सेंटरच्या रस्त्याला, वेळेवर पोचले.

इमारत १९६० सालची. जागा वेडीवाकडी, तिकोनी. ग्रॅहॅम डॉबर्न या आर्किटेक्टने पाकिटावर प्रश्नचिन्ह काढलं आणि तोच आराखडा ठरला. मधे गोल चौक, त्याभोवती खोल्या, खोल्यांच्या बाहेरच्या अंगाला स्टुडिओ आणि त्याही बाहेर सेटचं सामान नेण्याचा रस्ता. म्हणजे नट आतल्या बाजूने येणार, सेट बाहेरून, दोघं एकमेकांच्या वाटेत येणार नाहीत. त्या काळी इतका विचार केलाय! चौकात उंच खांबावर सोनेरी हेलिऑस, सूर्यदेव. खाली कारंजं आहे, पण पाण्याचा आवाज गोलात इतका घुमायचा की ते बंदच करावं लागलं म्हणे. आमच्या चौकातल्या हौदावर कुणी बादली आपटली की माडीपर्यंत आवाज यायचा, ते आठवलं.

स्टुडिओ क्रमांक एक जवळजवळ १००० चौरस मीटरचा. आत पाऊल टाकलं आणि खाली बघतच राहिले. जमीन अशी सपाट, की परातीतलं पाणी हलू नये. कॅमेरा चाकांवर फिरतो, फरशीला जरासा उंचवटा असला तरी चित्राला हिसका बसतो. आमच्या गटातले एक म्हातारे गृहस्थ वाकले आणि तळहात त्या जमिनीवर टेकवून थोडा वेळ तसेच राहिले. इथे काम केलं होतं का, असं विचारायचा मला धीर झाला नाही.

आता कौतुकाची गोष्ट. २००९ मध्ये सरकारने या इमारतीचा मधला गोल आणि स्टुडिओ एकची ठिपक्याठिपक्यांची विटांची भिंत यांना वारशाचं कायदेशीर संरक्षण दिलं. पुढे २०१२ मध्ये जागा २० कोटी पौंडांना विकली गेली, तरी घेणाऱ्याला तो गोल पाडता येत नाही. विकणाऱ्याला पैसे मिळाले, घेणाऱ्याला धंदा मिळाला आणि गोलही राहिला. मी दोन दिवस नवऱ्याला हेच ऐकवत होते. पैशांची गरज कुणाला नसते? पण गरजेच्या आड उभं राहणारं कुणीतरी लागतं.

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र इथे कुणी म्हटलं तर मी भांडेन. मुंबईत १९९५ पासून हेरिटेजचे नियम आहेत. आमच्या घरापासून चालत जाता येईल असा विश्रामबागवाडा अजून दिमाखात उभा आहे. आणि इथेही सगळं कुठे वाचणार होतं? स्टुडिओ एक ते तीन ठेवणार होते, बाकीचे पाडणार होते. गोलातही फ्लॅटच होणार होते. जिथे सगळा देश बघेल ते घडायचं, तिथे कुणाचं तरी स्वयंपाकघर येणार होतं.

आमच्या वाड्याला असं संरक्षण असतं तर? खूप विचार केला. माडीवरच्या दोन खोल्यांचं आम्हाला मिळणारं भाडं महिना २२ रुपये. पावसाळ्यात देवघरावर ताडपत्री. पश्चिमेची भिंत फुगलेली, तिच्याखाली आई झोपायची. ‘पाडू नका’ म्हणणारे आले असते, पण कौलं कोणी शाकारली असती? बाबांनी सही केली तेव्हा मी शेजारीच बसले होते आणि गप्प राहिले. आजही सही करू नका म्हणाले नसते. सागवानी खांब ट्रकवर चढले तेव्हा मात्र आम्ही कुणी बाहेर आलो नाही.

रात्री बाबांना फोनवर सगळं सांगितलं. हेलिऑस, जमीन, तो तळहात. ते ऐकत होते. मग विचारलं, “आत काम करणारी माणसं कुठे गेली?”

“बातम्यावाले बीबीसीच्याच ब्रॉडकास्टिंग हाउसला जातायत, काही विभाग मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डला गेले.”

“म्हणजे जागा मिळाली त्यांना.” थोडं थांबून म्हणाले, “आपल्याही चारही भाडेकरूंना मिळाली. लिहिणार असशील तर तेवढं लिही.”