आमची वाटचाल : काळ्यातला काळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात अण्णांनी वर्कशॉप टाकलं ते डायनामो, स्टार्टर आणि मॅग्नेटोच्या वाइंडिंगसाठी, म्हणजे आतली तांब्याची तार गुंडाळायला. ट्रॅक्टरवाले आणि रॉकेलच्या पाणी-इंजिनवाले हेच गिऱ्हाईक. काम झालं की पार्टला ब्रशनं काळा ऑइलपेंट फासायचा, वाळला की द्यायचा. रंगाकडं बघायला वेळ कुणाला होता?

रंग बघणारे आले ते जुन्या गाड्यांचे शौकीन. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला शेवरोले जोडायला सुरुवात केली, त्यामुळं त्या जमान्यातल्या गाड्या आपल्याकडं वाड्यांत, गोदामांत अजून सापडतात. त्यांच्या डेल्को-रेमी कंपनीच्या कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर, म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणारे पार्ट, आमच्याकडं येऊ लागले. पार्ट चालू करून देणं अण्णांना अवघड नव्हतं. पण मालक बॉनेट उघडून म्हणायचे, "चालतंय झकास, पण तेवढंच एक नवं दिसतंय हो."

दिसायचंच. बाजारातल्या काळ्या इनॅमलला बहुतेक वेळा निळसर झाक असते. जुन्या काळातला 'जपान' काळा म्हणजे डांबरी राळ आणि जवसाचं तेल, भट्टीत भाजलेलं. मॉडेल टी फोर्ड १९१४ ते १९२५ फक्त काळ्या रंगात मिळायची, तेव्हाच्या कारखान्यांतलं हे नेहमीचं काम. थर जाड असेल तिथं हा रंग काळाभोर दिसतो, पण कडेला, जिथं पातळ बसलाय तिथं, उजेडात धरला की चक्क तपकिरी. पुढं नायट्रोसेल्युलोज लॅकर आलं, १९२४ च्या ओकलंड गाड्यांच्या बॉडीवर ते होतं. त्याची चमक आणखी वेगळी. मी धंद्यात आलो तेव्हा ठरवलं, की वाइंडिंगइतकंच या काळ्याकडंही बघायचं.

अस्सल रंग पार्टवरच असतो, फक्त लपलेला. कॉइल धरून ठेवणारी पट्टी सोडवली की तिच्याखाली ऊन, धूर, तेल न लागलेली बोटभर रुंद जागा मिळते. पार्टची बॉडी रंगवल्यावर तिच्यावर पार्टच्या नंबराची प्लेट रिव्हेट केलेली असेल, तर प्लेटच्या पाठीमागं त्याहून चांगला नमुना असतो. कापसाच्या बोळ्यावर थिनर घेऊन कोपऱ्यात हलकेच फिरवायचं. बोळा काळा झाला तर लॅकर, रंग ढिम्म हलला नाही तर बहुधा भाजलेला. एवढं कळलं की निम्मं काम झालं. मग काळ्यात तपकिरी टिंटर (छटा बदलणारा दाट रंग) थेंबाथेंबानं घालत पत्र्याच्या तुकड्यावर मारून बघायचं, दारात उन्हात एकदा आणि ट्यूबखाली एकदा. उन्हात जुळलेला रंग ट्यूबखाली फितूर होतो, हे रोजचंच.

रंग मोजायचं मशिन आम्हीही घेतलं. गाडीच्या बॉडीच्या रंगाला ठीक आहे, पण गोल कॉइलवर ते सपाट बसत नाही, आणि इतक्या गडद रंगात मला तरी पेंटरचा डोळा जास्त भरवशाचा वाटतो.

खरी अडचण भट्टीची. कारखान्यात कॉइलचा डबा आधी रंगवून भाजायचे, वाइंडिंग नंतर आत जायचं. आता आत वाइंडिंग आहे, त्याभोवती डांबर किंवा तेल आहे. ती कॉइल ओव्हनमध्ये घातली तर डांबर पाझरणार. म्हणून भाजल्यासारखी चमक हवेवर वाळणाऱ्या रंगातून काढावी लागते. चमक कमी करणारा मॅटिंग एजंट किती घालायचा, यावर आमच्या पेंटरचं आणि माझं अजून वाजतं.

पावडर कोटिंग (रंगाची पूड भाजून चढवणं) करून द्या म्हणणारे अजून येतात. आम्ही करत नाही. तो थर जाड बसतो आणि ठसवलेली अक्षरं बुजतात. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाला आणि क्लॅम्पच्या तोंडाला तर आम्ही कुठलाच रंग लावत नाही. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांची) अर्थिंग त्याच्या बॉडीतून इंजिनाला जाते, मध्ये रंग आला की गाडी मिसिंग करते आणि मालक कार्ब्युरेटर खोलत बसतो. बेकेलाइटची कॅपही रंगवू नये, नुसती पॉलिश करावी. काळ्या रंगातल्या कार्बनवरून हाय टेन्शन करंट वाट काढतो.

केंद्र सरकारनं २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले, तेव्हापासून पुण्या-मुंबईकडून आणि गोव्याहून चौकशी वाढली. माणसं मात्र आम्ही फार वाढवली नाहीत. हे काम शिकायला वेळ लागतो आणि घाईचं गिऱ्हाईक आम्हाला परवडत नाही.

पार्ट पाठवणाऱ्यांना एवढंच सांगणं : धुऊन, घासून पाठवू नका, मळका तसाच द्या. कॉइलची पट्टी काढू नका. टर्मिनलचे नट मात्र आवळून पाठवा, पार्सलात आधी तेच हरवतात.