अंदाजपत्रकात काम सुचवायचं, तर टेप घेऊन जा

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना कामं सुचवता येतात. ही सोय २००६ पासून आहे. एका कामाचा खर्च ५ लाखांच्या आत हवा. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, ऑनलाइनही भरता येतो. गोची मुदतीची आहे. ती बहुधा पावसाळ्यातच उघडते आणि मिटते, अंदाजपत्रकाचा गाजावाजा मात्र जानेवारीनंतर होतो. लोकांना जाग येते तोवर यादी झालेली असते.

'आमच्या भागातला रस्ता सुधारावा' ही सूचना नव्हे, तक्रार झाली. कनिष्ठ अभियंत्याला त्यावरून पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा तपशीलवार अंदाज, करता येत नाही. त्याला कुठून कुठपर्यंत, लांबी किती, रुंदी किती आणि नेमकं काय करायचं, एवढं लागतं. जागा कोणाच्या ताब्यात आहे तेही आधी बघा. मोठे रस्ते क्षेत्रीय कार्यालयाकडे नसतात, मुख्य खात्याच्या पथ विभागाकडे असतात, आणि सोसायटीच्या कुंपणाआत पालिकेचा पैसा लागत नाही. बरेचसे अर्ज इथेच बाद होतात, आणि कारण कळवण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

उदाहरणादाखल पदपथावरचा रॅम्प घ्या. सगळे 'रॅम्प करावा' एवढंच लिहितात. व्हीलचेअरसाठी उतार १:१२ लागतो. पदपथ १५ सेंटिमीटर उंच असेल तर उताराची लांबी १८० सेंटिमीटर झाली. आता पदपथच १८० रुंद असेल तर रॅम्प तो सगळा खाऊन टाकतो आणि सरळ चालणाऱ्याला सपाट जागा उरत नाही. अशा ठिकाणी कोपऱ्यावरचा पदपथच दोन्ही अंगांनी उतरवून खाली आणावा लागतो, आणि अर्जात तसंच लिहावं लागतं. दुचाक्या चढू नयेत म्हणून खांब रोवतात, त्यांत ९० सेंटिमीटरचं अंतर तरी सोडायला सांगा. नाहीतर रॅम्प होतो, पण खुर्ची आत शिरत नाही. उताराच्या तोंडाशी पावसाळी चेंबर आहे का तेही बघा, नाहीतर जूनमध्ये तिथे तळं साचतं.

अर्ज कोण भरतं हाही प्रश्न आहेच. दुपारी कार्यालयात जायला ज्यांना सवड असते, त्यांचे अर्ज पोचतात. म्हणून बाकं आणि नामफलक उदंड होतात. धुणीभांडी करणाऱ्या बाईला किंवा पथारीवाल्याला दुपारी अकरा ते पाच वेळ कुठला? वस्तीत बैठक घ्यायची तर रात्री आठनंतर घ्या, आणि बायकांची वेगळी. पुरुषांसमोर स्वच्छतागृहाचा विषय निघत नाही. बैठकीपेक्षाही फेरी बरी: टेप, वही आणि जागेवरच अर्ज.

५ लाखांत नवं महिला स्वच्छतागृह मागू नका. बांधकाम कसंबसं बसेल; पण नळजोड, ड्रेनेज, वीज आणि झाडणारी व्यक्ती यांचं काय? कुलूप लागायचं ते अशानेच. त्यापेक्षा आहे त्याचीच दुरुस्ती मागा: आतून लागणारी कडी, दिवा, झाकणाचा डबा, एका कमोडशेजारी आधाराची दांडी.

क्षेत्रसभा, म्हणजे भागातल्या मतदारांची सभा, कायद्यात आहे, भरलेली सहसा दिसत नाही. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा यादीची चाळणीही अधिकाऱ्यांच्याच हाती गेली.

काम अंदाजपत्रकाच्या पुस्तकात छापून आलं की लोक पेढे वाटतात. थांबा. तरतूद म्हणजे काम नव्हे. त्यानंतर निविदा, मग कार्यारंभ आदेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचं पत्र. मध्येच तो पैसा 'वर्गीकरण' करून दुसऱ्या कामाकडे वळवता येतो, आणि ३१ मार्चपर्यंत खर्च न झालेली रक्कम तशीच बुडते. म्हणून ऑगस्टच्या सुमारास निविदा निघाली का ते विचारा, दिवाळीनंतर पुन्हा विचारा. उत्तर टाळलं तर माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज टाका. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 'कामाची माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका. पूर्वगणनपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाची मापं हिच्यात नोंदतात) त्या कामाची पानं, असं नाव घेऊन मागा. ती पानं हातात आली की पुन्हा टेप घेऊन जागेवर जा. पुस्तिकेत उतार १८० लिहिलेला असतो आणि जागेवर ९० भरतो, हे तिथेच उघडं पडतं.